वहिनीची झाकणी

बस फलाटाला लागली होती. माझ्या संघातली पोरं आत चढून खिडकीच्या जागेवरून भांडत होती आणि मी खाली उभा राहून वाहकाला सांगत होतो, आम्ही सगळे वर्ध्याला, तिथून पुढं सावंगीला, दवाखान्यात... तेवढ्यात खिशातला फोन वाजला. थोरल्या भावाचा, दादाचा होता. दादा फोनवर 'हॅलो' म्हणत नाही, सरळ कामाचं बोलतो. त्या सकाळी मात्र आधी दवाखान्यातले आवाजच आले. मागून कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, चाकांच्या खाटेचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "पोट्ट्याइले आता नको आनू." एवढंच. मी बसच्या पायरीवर पाय ठेवून तसाच उभा राहिलो. आत मंगेश, आमच्या फुटबॉल संघाचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन बसला होता. वहिनीला संत्री आवडतात हे त्याला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता पिशवी उचलून खाली उतरला. त्याच्या मागोमाग बाकीचेही उतरले.

ही पोरं एका साठी ओलांडलेल्या बाईला भेटायला का निघाली होती, हे सांगायचं तर आधी विमलवहिनी सांगावी लागेल. महिना-सव्वा महिना झाला तिला जाऊन. मधल्या काळात मी दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा उठलो. मनावर एक ओझं आहे, आणि ते बाजूला ठेवून तिच्याबद्दल नुसतं चांगलं चांगलं लिहिणं मला जमेना.

ती समुद्रपूरकडची. लग्न होऊन कारंज्याला आली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो आणि आमची आई नुकतीच गेली होती. नवी सून म्हणून रिवाजाप्रमाणे तिनं पहिल्या दिवसापासून मला 'भाऊजी' आणि 'तुमी' म्हटलं. "भाऊजी, नाक पुसा." "भाऊजी, तुमची चड्डी मागून उसवली हाये, शाळेत फळ्याकडं जाऊ नका." मी मात्र तिला 'तू' म्हणायचो. शेवटपर्यंत ते असं उलटंच राहिलं. मला फुटबॉलचं वेड होतं आणि अंगणात जागा नव्हती. एकदा माझ्या किकनं पाण्याचा रांजण फुटला. दादा घरात आला तेव्हा मी दाराआड लपलो होतो. वहिनी पदर खोचून मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "माह्या हातून फुटला. झाडताना दांडा लागला." दादा तिच्यावर चिडला, बराच वेळ चिडला. ती हलली नाही. आणि मागच्या दारानं मी बॉल घेऊन पळालो. पुढं मी खेळलो, क्रीडाशिक्षक झालो, गावात मंडळाचा संघ उभा केला. ह्या सगळ्यात ती नेहमी कुठंतरी माझ्या पुढं उभी होती. पुढं उभ्या असलेल्या माणसाची आपल्याला फक्त पाठ दिसते, चेहरा दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या पुतणीच्या, रश्मीच्या, बाळंतपणासाठी वहिनी अमेरिकेला गेली. आयुष्यात नागपूरपलीकडे फारशी न गेलेली बाई सहा महिने बर्फात राहिली. परत आली तेव्हा आम्हाला वाटलं, उंच इमारती, मोठमोठे रस्ते, असं काही सांगेल. पिशवीतून चॉकलेटं काढता काढता ती म्हणाली, "भाऊजी, तिथं एक खेळ हाये. बॉल कापसाच्या बोंडासारखा, दोन्हीकडून टोकदार. अन् पोट्टे... बाप्पा! एकेक पोट्टा आपल्या बैलजोडीएवढा!" रविवारी जावई टीव्हीपुढं बसे, वहिनी नातवाला मांडीवर घेऊन तेल लावत बसे, आणि असं करत करत तिला तो अमेरिकन फुटबॉल कळायला लागला. 'बोंडाचा खेळ' हे तिनंच ठेवलेलं नाव. रश्मीनं इकडं टीव्हीला काहीतरी जोडून दिलं आणि थंडीच्या दिवसांत सोमवारी सकाळी दादाच्या घरी, चहाच्या वेळी, तो खेळ सुरू व्हायला लागला. दादा दुकान उघडायला निघून जायचा. "डोकं फिरलं हिचं," म्हणायचा. मी शाळेत जाण्याआधी थोडा वेळ टेकायचो, बहुतेक तिची थट्टा करायला.

तिची पाहण्याची एक तऱ्हा होती. दुधाच्या पातेल्यावरची स्टीलची झाकणी ती हातात घ्यायची, हात लांब करायचा, एक डोळा मिटायचा आणि झाकणीनं पडद्यावरचा बॉल फेकणारा गडी बरोबर झाकून टाकायचा. सारं स्टेडियम ज्याच्यासाठी जमलंय, ज्याच्या नावाचे सदरे घालून हजारो लोक ओरडताहेत, नेमका तोच दिसेनासा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसून हसून खोकलो.

"वहिनी, काऊन झाकून राह्यली त्याले?"

"त्याच्याकडं डोळे जाते न भाऊजी. मंग बाकीचं दिसत नाई." आणि मग ती दाखवायची. फेकणाऱ्याच्या पुढं पाच जाडजूड गडी वाकून उभे असतात. बॉल हलला की समोरचे त्यांच्यावर तुटून पडतात आणि हे पाचजण भिंत होतात. मोजके क्षण. तेवढ्यात मागच्यानं फेकायचं. ह्या पाचांच्या हाती बॉल जवळजवळ कधीच येत नाही. मधला एकजण तो मागच्याला सरकवून देतो, तेवढाच. कित्येकांची सारी कारकीर्द जाते आणि एक गुणही त्यांच्या नावावर लागत नाही. "आन् हा डाव्या अंगाचा पाहा," ती म्हणायची. "फेकनारा उजव्या हाताचा. फेकताना त्याची पाठ इकडं होते. त्याले दिसतच नाई कोन येऊन राह्यलं थे. हा पोट्टा त्याच्या पाठीचा डोळा हाये." हे सांगताना तिचा आवाज खाली यायचा, देवळात बोलल्यासारखा.

मी फुटबॉलचा माणूस. मला हे चिलखतं घालून धडका मारणं म्हणजे खेळच वाटेना. एकदा ती मेथी निवडत होती तेव्हा मी तिला घेरलं. "वहिनी, तुह्या बोंडाच्या खेळाले अमेरिकेच्या बाहेर कुत्रं विचारत नाई. आमचा फुटबॉल पाह! जिथं मानूस तिथं फुटबॉल. म्हून तं आमच्या एकेका खेळाडूसाठी राजे लोक तिजोऱ्या उघडून राह्यले. तुह्या फेकनाऱ्याले तेवढा पगार हाये काय?"

"नाई," ती शांतपणे म्हणाली. "जावईबी तेच म्हनत होते. तुमच्यावाल्याइचा लय जास्त हाये."

"मंग झालं तं!"

"पन भाऊजी, पैशाची गोनी त्याइच्याकडं मोठी हाये म्हनते. एकाच देशात खेळते, तरी साऱ्या जगात मोठी."

तिचं खरं होतं. मी नंतर वाचून पाहिलं. जगात सगळ्यात जास्त लोक आमचा खेळ पाहतात, आणि सगळ्यात जास्त कमाई करणारी स्पर्धा मात्र त्या एकाच देशातल्या त्या खेळाची आहे. तरीही आमचे मोजके तारे त्यांच्या ताऱ्यांना मागं टाकतात. कारण तिकडं प्रत्येक संघानं वर्षाला एकूण किती पगार वाटायचा ह्याला वरून मर्यादा घातलेली असते आणि पन्नासाहून जास्त खेळाडूंना त्यातच बसवायचं असतं. वहिनीनं ते एका वाक्यात सांगितलं होतं. "डब्यात पीठ तेवढंच. एकाच्या ताटात धा पोळ्या टाकल्या तं बाकीचे काय खातीन? आन् थे उपाशी राह्यले तं ह्याले वाचवन कोन?"

"आन् जाहिराती? तिथंबी आमचेच पुढं हायेत," मी म्हणालो.

"त्याइचं तोंडच दिसत नाई न टोपीच्या जाळीत! शाम्पू कोन इकन?" ती खळखळून हसली. मी म्हणालो, ती मर्यादा म्हणजे संघमालकांचा फायदा आहे, खेळाडूंचा नाही. त्यावर तिनं मेथीची जुडी खाली ठेवून विचार केला. "हे बी खरं असन," म्हणाली. वाद जिंकण्याची तिला कधी घाई नसायची. मग म्हणाली, "तुमचा खेळ मोठाच हाये, भाऊजी. मी पाह्यलं नं. तिथं बागेत सांजच्याले पोट्टे जमत. कोनी काळा, कोनी गोरा, कोनी चपट्या नाकाचा. एकाची भाषा दुसऱ्याले येत नाई. बॉल टाकला का सारेच समजले. मी पोराची गाडी थांबवून पाहात राहो. त्याइच्या बोंडाच्या खेळात असं नाई होत, त्याले टोपी पायजे, चिलखत पायजे. तुमच्याले काईच नाई लागत." थोडं थांबून ती म्हणाली, "पन तुमीबी बॉलकडंच पाह्यता."

हे सगळं गमतीचं राहिलं असतं. पण ह्या हिवाळ्यात आमच्या गावच्या खुल्या स्पर्धेची वेळ आली. आमच्या भागात ह्या स्पर्धांची एक रीत आहे. ज्याच्याकडं वर्गणी जमते तो संघ कामठी-नागपूरकडून एखादा बाहेरचा खेळाडू आणतो. त्याचं येणं-जाणं, जेवण आणि मानधन संघाकडं. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. आमचं मंडळ कधी उपांत्य सामन्यापुढं गेलं नव्हतं. ह्या वेळी धाबेवाल्यांनी, संत्र्याच्या व्यापाऱ्यांनी चांगली वर्गणी दिली होती. पैसे एवढेच होते की त्यात एकतर सगळ्या पोरांना नवे बूट आणि पायाला गार्ड आले असते, नाहीतर कामठीचा फैजान.

वहिनी तेव्हा एकदा संध्याकाळी मैदानावर आली होती. चालताना तिला धाप लागायला लागली होती. कडेच्या दगडावर बसून तिनं डबा उघडला आणि झाकणी वर धरली. आमचा आघाडीचा खेळाडू झाकून ती बराच वेळ पाहत राहिली. निघताना म्हणाली, "भाऊजी, तो तुमचा मंगेश... एकटा तीन-तीन पोट्ट्याइले अडवून राह्यला. त्याच्या बुटाले सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली हाये. पाह्यली काय तुमी?"

मी पाहिली होती. रोज पाहत होतो. "पुढच्या साली घेऊ बूट," मी म्हणालो. "साऱ्या जगात असंच चालते, वहिनी. एका पायासाठी लोक येते."

तिनं डब्याला झाकणी लावली. मी फैजानला बोलावलं.

आणि कबूल केलं पाहिजे की त्यानं आम्हाला अंतिम सामना जिंकून दिला. त्या गोलबद्दल मी खोटं बोलणार नाही. तीन बचावपटूंच्या मधून तो असा गेला, जसं पाणी दगडांमधून जातं. मैदानाला किनार नव्हती, होती ती माणसंच. आणि त्या क्षणी ती सगळी माणसं गप्प झाली. बॉल जाळीत गेल्यावर आवाज उठला. पोरगं गुणी होतं. मोठ्यांच्या पाया पडणारं, कमी बोलणारं. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन बसस्थानकापर्यंत मिरवत नेलं. मीही खांदा दिला. बाकीचे मागं गोणीत बॉल भरत होते.

वहिनीला त्याच आठवड्यात छातीचा त्रास वाढून सावंगीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. सामना संपल्यावर फैजान रात्री माझ्याकडंच राहिला आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला आणि करंडकाला घेऊन तिच्याकडं गेलो. नाकात नळी होती, तरी ती उशीला टेकून बसली. फैजान पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "जेवला काय रे बापा?" विचारलं. गोलची हकीकत मी सांगितली, हातवारे करून. तिनं सगळी ऐकली, डोळे मोठे करून, लहान मुलीसारखी. "बाप्पा! तिघाइच्या मधून!" खरोखर थक्क झाली होती ती. मला बरं वाटलं. मग तिनं दाराकडं पाहिलं. थोडा वेळ पाहतच राहिली.

"बाकीचे खाली हायेत काय?"

"कोन बाकीचे?" मी विचारलं.

माझ्या तोंडून हेच आलं. कोन बाकीचे. ज्यांना मी पाच-सहा वर्षं शिकवलं, ज्यांच्या घरी जेवलो, त्यांच्याबद्दल. हे दोन शब्द मी गेला महिनाभर ऐकतो आहे. वर्गात हजेरी घेताना, गाडी चालवताना... वहिनी रागावली नाही. तिनं फक्त नळी सरळ केली आणि म्हणाली, "उद्या आनजा त्याइले. मंगेशले तं आनजाच. मले त्याइले पाह्यचं हाये." आणि दमून डोळे मिटले.

मी आणत होतो. बस लागली होती. बाकीचं वर सांगितलंच आहे.

दुपारी तिला घरी आणलं. आमच्याकडची स्मशानभूमी महामार्गाच्या पलीकडं आहे, आणि नागपूर-अमरावतीच्या त्या रस्त्यावर ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. दरवेळी तिथं अंत्ययात्रा खोळंबते. कुणीतरी उपरणं हलवतं, दोन-तीन गाड्या निसटून जातात, मधेच फट सापडली की तिरडी घेऊन धावत जावं लागतं. दादा पुढं मडकं घेऊन चालत होता. मी उजवा खांदा दिला होता. रस्ता जवळ आला तसं माझ्या मनात आलं, आता हिला घेऊन धावायचं... जिला चालतानाही धाप लागायची तिला. मी मान वर केली तर समोर मला पाठी दिसल्या.

पोरं पुढं गेली होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. दहाही जण रस्त्यावर उतरले आणि हातात हात न धरता, अंतर ठेवून, मैदानावर उभे राहतात तसे उभे राहिले. अर्धे नागपूरकडं तोंड करून, अर्धे अमरावतीकडं. मंगेश सगळ्यात पुढं, डाव्या अंगाला, जिकडून उतारानं ट्रक येतात तिकडं. गुडघे किंचित वाकवून, दोन्ही हात पसरून. संत्री लादलेला एक ट्रक येत होता. त्यानं हॉर्न दिला, मोठा, लांब. मंगेश हलला नाही. पुन्हा हॉर्न. मला त्याच्या बुटावरची ट्यूबची काळी पट्टी दिसली आणि माझे डोळे आपोआप मिटले. ब्रेक ओरडले. मी डोळे उघडले तेव्हा ट्रक त्याच्यापासून काही हातांवर उभा होता, आणि त्याच्या मागं सगळी रांग. चालकानं खाली वाकून पाहिलं, इंजिन बंद केलं आणि हात जोडले. मग एकेक करून मागची इंजिनंही बंद झाली. त्या रस्त्यावर मी जन्मभर राहतो, पण तिथं शांतता कधी ऐकली नव्हती. सुकलेल्या पळसाची पानं डांबरावरून सरकण्याचा आवाज येत होता. वहिनी त्या भिंतीच्या मागून, अजिबात घाई न करता, पलीकडं गेली.

पोरांपैकी एकानंही मागं वळून पाहिलं नाही. त्यांना तिरडी दिसलीच नसेल. शेवटचा माणूस पलीकडं पोचेपर्यंत ते रस्त्याकडंच पाहत उभे होते.

मी देव-चमत्कार मानणारा माणूस नाही. पण मैदानावर इतकी वर्षं घालवून मी इतकं सुंदर काही पाहिलेलं नाही. फैजानचा गोल धरून सांगतो. आणि तेव्हाच मला हेही कळलं, की ही पोरं हे रोज करत होती. फक्त मी बॉलकडं पाहत होतो.

तेरवीनंतर एका सोमवारी सकाळी मी दादाकडं गेलो. त्या बोंडाच्या खेळाचा वर्षाचा शेवटचा, मोठा सामना होता. दार उघडंच होतं. दादा दुकानात गेला नव्हता. आवाज बंद करून टीव्हीपुढं बसला होता. ज्या खेळातलं त्याला ओ की ठो कळत नाही तो पाहत. मी आत जाऊन चहा टाकला. फळीवर झाकणी होती, कडेला पोचा आलेली. ती घेऊन बाहेर आलो, तिच्या मोढ्यावर, त्या वेताच्या बैठकीवर, न बसता खाली बसलो, हात लांब केला आणि एक डोळा मिटला. फेकणारा झाकला गेला. पाचजण वाकले. बॉल हलला.

"काय दिसते रे तुले त्याच्यात?" दादानं विचारलं.

मी झाकणी त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली, मग हात लांब केला. झाकणी एका जागी राहत नव्हती. फेकणारा दिसे, पुन्हा झाकला जाई. दादाला दोन्ही डोळे मिटल्याशिवाय एक मिटता येत नाही, हे मला तेव्हाच कळलं. बऱ्याच वेळानं त्याला ते जमलं. त्याचा हात स्थिर झाला.

"अरे," तो हळूच म्हणाला, "थो डाव्या अंगाचा पाह..."

चहा उतू गेल्याचा वास आला. आम्ही दोघंही उठलो नाही.